आईनंतर कोण? कळमन्यातील अपंग बौद्ध बांधव आणि वस्तीत जगण्याचा हक्क

कळमना म्हटले की नागपूरकरांना बाजार समिती आठवते. संत्री, मिरची, धान्य, रात्रंदिवस ये-जा करणारे ट्रक. या बाजाराच्या आणि रेल्वे रुळांच्या आजूबाजूला हमाली, रोजमजुरी, भाजीविक्री आणि घरकाम यांवर जगणाऱ्या वस्त्या आहेत. त्यांत अनेक बौद्ध कुटुंबे राहतात. सामाजिक कार्यकर्ते म्हणून या भागात घरोघरी फिरताना आम्हाला एक गोष्ट वारंवार जाणवते. घरात अपंग माणूस असतो, पण वस्तीत तो दिसत नाही. विहारात नसतो, अभ्यासिकेत नसतो, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत नसतो, मंडळाच्या बैठकीत तर नसतोच.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी अपंग व्यक्ती होत्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींमध्ये हे प्रमाण २.४५ टक्के होते. याच हिशेबाने दोन हजार लोकांच्या वस्तीत जवळपास पन्नास अपंग व्यक्ती असायला हव्यात. आपल्या वस्तीतल्या किती जणांची नावे आपल्याला सांगता येतील? दहा? पाच? उरलेले कुठे आहेत, आणि ते बाहेर का येत नाहीत, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

(सरकारी शब्द 'दिव्यांग' आहे. दिव्य असे काही नसते, हक्क मात्र असतात, म्हणून आम्ही येथे 'अपंग' हाच शब्द वापरतो. योजना आणि विभागांची नावे सरकारी नावांप्रमाणेच ठेवली आहेत.)

'समाजात राहण्याचा हक्क' म्हणजे काय?

संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्याचे कलम १९ सांगते की अपंग व्यक्तीला इतरांप्रमाणेच समाजात राहण्याचा, कुठे आणि कोणासोबत राहायचे हे ठरवण्याचा हक्क आहे. त्याला अनुसरून आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. या कायद्याचे कलम ५ आपल्यापैकी प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असावे. त्याच्या पहिल्या पोटकलमात समाजात राहण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिला आहे. दुसऱ्या पोटकलमात म्हटले आहे की कोणालाही विशिष्ट ठिकाणी राहण्याची सक्ती होऊ नये आणि घरी किंवा वस्तीत लागणाऱ्या आधारसेवा, मदतनीसासह, मिळाव्यात. फरक एवढाच की पहिल्या पोटकलमातला हक्क पक्का आहे, तर दुसऱ्यात सरकारने त्यासाठी 'प्रयत्न' करायचा आहे. हक्क कागदावर राहतो तो याच फटीमुळे.

अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयात गेला तो लोइस कर्टिस या कृष्णवर्णीय महिलेमुळे. बौद्धिक अपंगत्व आणि मानसिक आजार असलेल्या लोइस यांना जॉर्जिया राज्यात वर्षानुवर्षे संस्थांमध्ये ठेवले गेले होते. त्या समाजात राहू शकतात असे डॉक्टरांनी सांगूनही त्यांना बाहेर पाठवले जात नव्हते. १९९९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने 'ओल्मस्टेड' प्रकरणात निकाल दिला की गरज नसताना माणसाला संस्थेत डांबून ठेवणे हा भेदभाव आहे.

आपल्याकडे चित्र वेगळे दिसते. कळमन्यातले अपंग बांधव बहुतेक घरीच राहतात. मग हक्क मिळालाच की, असे कोणी म्हणेल. पण दहा बाय दहाच्या खोलीत, दाराकडे पाहत दिवस काढणे म्हणजे समाजात राहणे नव्हे. आणि हे घरसुद्धा उभे असते एका माणसाच्या बळावर. ती बहुतेक वेळा आई असते. चाळिशीतला मुलगा आणि सत्तरीतली आई अशी घरे आम्हाला भेटतात. त्या आयांचा प्रश्न एकच असतो: माझ्यामागे याचे कोण?

दुहेरी भिंत

गावकुसाबाहेर राहणे म्हणजे काय, हे आपल्या आजी-आजोबांनी भोगले. शहरात आल्यावर तीच रेघ रुळांच्या पलीकडे, नाल्याच्या काठाने, बाजाराच्या मागे ओढली गेली. ज्या वस्तीत रस्ता आणि गटार उशिरा पोहोचतात, त्या वस्तीत रॅम्प कधी पोहोचणार? जातीने वस्तीला शहराच्या कडेला ढकलले आणि अपंगत्वाने माणसाला वस्तीच्या आतल्या खोलीत ढकलले. या दोन भिंती वेगवेगळ्या मोजून चालत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०२१ रोजी पाटण जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात हेच मांडले. अत्याचारपीडिता अनुसूचित जातीची, अंध महिला होती. जात, लिंग आणि अपंगत्व एकत्र आले की होणारा अन्याय हा केवळ तीन अन्यायांची बेरीज नसतो, त्याचे रूपच वेगळे असते, असे न्यायालयाने सविस्तर सांगितले. आरोपीची जन्मठेप कायम राहिली. मात्र अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील शिक्षा टिकली नाही, कारण गुन्हा जातीच्या कारणावरून झाला हे जुन्या तरतुदीनुसार स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागत होते. २०१६ पासून ही तरतूद बदलली असून पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे आरोपीला माहीत असणे आता पुरेसे ठरते. एकाच बाईला कायदा कधी 'दलित' म्हणून पाहतो, कधी 'अंध' म्हणून, आणि दोन्हींच्या मधल्या जागेत न्याय निसटतो.

कार्यालयांतही हेच होते. जातीच्या योजनांची खिडकी वेगळी, अपंगत्वाची वेगळी. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू झाला, हे चांगलेच झाले. पण अपंग असलेल्या बौद्ध मुलीला दोन्ही खिडक्यांवर जावे लागते आणि तिला तेथपर्यंत नेणारे कोणी नसते.

पहिला अडथळा: दारापासून रस्त्यापर्यंत

नागपूर मेट्रोची ॲक्वा मार्गिका पूर्वेला प्रजापती नगरपर्यंत येते. मेट्रो स्थानकांवर लिफ्ट आहे. पण व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला आधी घराचा उंबरठा, मग दारापुढची उघडी नाली, मग अरुंद बोळ, मग ट्रकांचा रस्ता ओलांडून स्थानक गाठायचे आहे. शेवटच्या शंभर पावलांचा प्रश्न सुटल्याशिवाय लिफ्टचा उपयोग नाही. शौचालयाचेही तेच. आत व्हीलचेअर वळत नसेल तर अपंग स्त्रिया पाणी पिणेच कमी करतात, म्हणजे लघवीला जावे लागू नये.

सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सर्वांसाठी सुगम कराव्यात असे कायद्याचे कलम ४५ सांगते. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ही मुदत २०२२ मध्येच संपली. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशी म्हणून ठेवणे कायद्याशी विसंगत आहे, ते बंधनकारक हवेत. तेव्हा वॉर्डातल्या नव्या समाजभवनाला रॅम्प मागताना आपण कोणाची मेहेरबानी मागत नसतो.

दुसरा अडथळा: कागद

पेन्शन, शिष्यवृत्ती, राखीव जागा या सगळ्याच्या मुळाशी अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड असते. त्यासाठी ऑनलाइन अर्ज, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. रोजंदारीवर जाणाऱ्या घरात एका फेरीचा अर्थ एका दिवसाची मजुरी बुडणे, अधिक ऑटोचे भाडे. एका फेरीत काम झाले नाही तर लोक दुसऱ्यांदा जात नाहीत. 'कार्ड नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा 'मागितलेच नाही' असा नसून 'एकदा जाऊन परत आलो' असा असतो.

त्यानंतर उत्पन्नाची अट येते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अपंग लाभार्थ्याला आता दरमहा २,५०० रुपये मिळतात. मात्र कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला साधारण ४,१६७ रुपये. घरात एक माणूस हमाली करत असला तरी ही मर्यादा ओलांडली जाते. कमावता भाऊ असला की अपंग बहिणीचा हक्क जातो आणि ती आयुष्यभर भावाच्या दयेवर राहते. केंद्राच्या अपंगत्व निवृत्तीवेतनात केंद्राचा वाटा अजूनही ३०० रुपयेच आहे. तोही ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब असेल तरच.

तिसरा अडथळा: न दिसणारे अपंगत्व

विदर्भात सिकलसेल हा आपल्या घरचा विषय आहे. आदिवासी समाजाबरोबरच पूर्वाश्रमीच्या महार समाजातही हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकातच त्याची नोंद केली होती. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. रक्तातल्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. थंडी, ताप, अतिश्रम आणि शरीरातले पाणी कमी होणे यांमुळे हा त्रास उफाळतो. पुढे खुब्याचे हाड निकामी होऊ शकते, पक्षाघातही होऊ शकतो.

आता हे कळमन्यात ठेवून पाहा. मे महिन्याचे ऊन, पत्र्याचे छत आणि उपलब्ध काम म्हणजे पोती उचलणे. सिकलसेल असलेल्या तरुणाला हे काम झेपत नाही. दिसायला तो धडधाकट असतो, म्हणून 'कामचुकार' ठरतो. शाळेत वारंवार गैरहजर राहणारी मुलगी 'आळशी' ठरते. लग्न मोडेल या भीतीने घरचे आजार लपवतात, आणि लपवल्यामुळेच दोन वाहकांची लग्ने होत राहतात.

२०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश केला. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला असल्यास सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतील ५ टक्के राखीव जागांसाठी (कलम ३२) सिकलसेलचे विद्यार्थी पात्र असतात. पण सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षणाच्या यादीत (कलम ३४) रक्ताच्या आजारांना स्थान नाही. म्हणजे ज्या अपंगत्वाचा भार विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी तरुणांवर सर्वाधिक आहे, तेच नोकरीच्या दारात वगळलेले आहे. शिक्षणाला हो आणि नोकरीला नाही, हा भेद का, हा प्रश्न आपल्या संघटनांच्या निवेदनांत आम्हाला क्वचितच दिसतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिचा मुख्य रोख आदिवासी भागांवर आहे आणि त्यात गैर काही नाही. पण शहरातल्या बौद्ध वस्त्यांना आपली तपासणी आपणच मागून घ्यावी लागेल.

चौथा अडथळा: आपल्या मनातले कर्म

हा अडथळा बाहेरचा नाही. 'मागच्या जन्मीचे पाप' हे वाक्य आजही आपल्या मोहल्ल्यात ऐकू येते, तेही घरात बाबासाहेबांचा फोटो असलेल्या लोकांकडून. गेल्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे भोग ठरतात, हा सिद्धांत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तपासून नाकारला. जन्माने आलेले दुःख ज्याचे त्याच्या माथी मारणारा विचार समाजाला जबाबदारीतून मोकळा करतो, हे त्यांनी ओळखले होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण जातीपुरता हा विचार सोडला. अपंगत्वापुरता तो अजून घरात आहे.

एक अवघड गोष्टही मोकळेपणाने सांगायला हवी. विनयपिटकात प्रव्रज्या कोणाला देऊ नये याची जी यादी आहे, तिच्यात अंध, बहिरे, हातपाय तुटलेले यांचाही उल्लेख येतो. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याच विनयात दुसरी कथाही आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला बुद्धांना दिसला. त्याची सेवा कोणी का करत नाही असे विचारल्यावर कळले की तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून. बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला बजावले की येथे तुमची सेवा करायला आई नाही, वडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार?

कळमन्यातल्या आईचा प्रश्न आणि बुद्धांचा संघाला विचारलेला प्रश्न एकच आहे. फक्त उत्तर देण्याची पाळी आता आपली आहे.

पँथर आणि व्हीलचेअर

१९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले, हे आपल्या तरुणांना माहीत असते. त्या ब्लॅक पँथरची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. १९७१ पासून त्यांनी कृष्णवर्णीय वस्त्यांत सिकलसेलची मोफत तपासणी सुरू केली, कारण हा आजार त्यांच्याही लोकांचा होता आणि सरकार लक्ष देत नव्हते. १९७७ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अपंग आंदोलकांनी भेदभावविरोधी नियम लागू व्हावेत म्हणून सरकारी इमारतीत पंचवीस दिवसांहून अधिक काळ ठाण मांडले. त्या काळात त्यांना रोज गरम जेवण पोहोचवले ते ब्लॅक पँथरने. त्यांचा एक सदस्य ब्रॅड लोमॅक्स स्वतः व्हीलचेअरवर होता आणि आंदोलनात आत बसला होता. महिना संपायच्या आत त्या नियमांवर सही झाली. वंशभेदाविरुद्धची चळवळ अपंगांच्या चळवळीला परकी मानत नव्हती. नाव आपण घेतले, तसे हे कामही घ्यायला हवे.

वस्तीत काय करता येईल?

• यादी करा. वॉर्डातल्या प्रत्येक घरात अपंग व्यक्ती किती, दाखला आहे का, पेन्शन आहे का, सांभाळणारे कोण आणि त्यांचे वय काय, हे त्या व्यक्तीची आणि घरच्यांची परवानगी घेऊन नोंदवा. येत्या जनगणनेत घरोघरी धर्म बौद्ध आणि आपली अनुसूचित जात यांची नोंद होते का, याची आपण काळजी घेतो. अपंगत्वाचा प्रश्न आला की घरातला माणूस लपवला जाऊ नये, यासाठीही तेवढाच आग्रह धरा. जे मोजले जात नाहीत, त्यांच्यासाठी तरतूद होत नाही.

• विहारापासून सुरुवात करा. रॅम्पचा साधा नियम १ : १२ आहे, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फुटांचा रॅम्प लागतो. दार किमान ९० सेंटिमीटर मोकळे हवे. अभ्यासिका वरच्या मजल्यावर असेल तर काही टेबले खाली आणा. वंदनेला जमिनीवर बसता न येणाऱ्यांसाठी चार खुर्च्या ठेवा, आणि त्या मागच्या कोपऱ्यात नकोत.

• पैसे मागा. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा असतो. महानगरपालिकेने तो आपल्या प्रभागात कशावर खर्च केला, हे माहिती अधिकारात विचारा. घरकुल योजनांत अपंगांसाठी ५ टक्के आरक्षण आहे (कलम ३७). लाभार्थ्याला तळमजला मिळावा, हे वाटपाच्या वेळीच लेखी मागा.

• दोन्ही हक्क एकत्र मागा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचे हक्क मिळाले. अपंगत्वाचे आरक्षण समांतर आहे, त्यामुळे एक घेतले की दुसरे सोडावे लागत नाही. अर्ज भरताना दोन्ही रकाने भरा.

• तक्रार लेखी करा. प्रत्येक सरकारी कार्यालयात अपंगांच्या नोकरीतील भेदभावाच्या तक्रारींसाठी तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक आहे (कलम २३). नोंदवलेल्या तक्रारीवर दोन आठवड्यांत कार्यवाही व्हायला हवी. समाधान झाले नाही तर जिल्हा समितीकडे आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येते.

• 'आईनंतर'ची तयारी आई असतानाच करा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून पालक नेमता येतो. याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे. ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी मदतनीस भत्त्याची तरतूद कलम २४ मध्ये आहे. ती राज्याच्या आर्थिक कुवतीशी जोडलेली असल्यामुळे लोकांनी रेटा लावल्याशिवाय हलणार नाही.

• आठवड्याला दोन तास द्या. दहा तरुणांनी पाळीपाळीने दोन-दोन तास दिले तरी एका आईला आठवड्यात वीस तास मिळतात. त्या वेळात ती झोपेल, दवाखान्यात जाईल किंवा महिला मंडळात बसेल. आणि तिच्या मुलाला वस्तीतली दहा माणसे नावाने ओळखू लागतील.

शेवटचा मुद्दा सर्वांत स्वस्त आहे आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचाही. सरकारी सेवा यायला वर्षे लागतील, तोवर निवेदने द्यावीच लागतील. पण आई गेल्यानंतर त्या माणसाची रवानगी अनोळखी संस्थेत होणार की तो आपल्याच गल्लीत राहणार, हे त्याला गल्लीत किती जण ओळखतात यावर ठरते. ती ओळख करून द्यायला कोणत्याही शासन निर्णयाची गरज नाही. येत्या रविवारच्या वंदनेला वस्तीतल्या एका अपंग बांधवाला किंवा भगिनीला घरी जाऊन विचारा, यायचे आहे का? हो म्हणाले तर सोबत घेऊन या. नको म्हणाले तर का नको, ते ऐकून घ्या. आपल्या यादीतली पहिली नोंद तीच असेल.

जय भीम.